पहाटे गोधडी लागल्याशिवाय वाटाणा पेरू नका

सदर : परसदार (वाचकांचे प्रश्न)

गेल्या अंकात हिवाळी भाज्या लिहिताना वाटाण्याला मी जेमतेम दोन ओळी दिल्या. त्यावर एवढी पत्रं आली की हा महिना सगळा वाटाण्यालाच द्यावा लागतोय. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं आमच्या आर्वीकडच्या काळ्या मातीच्या अनुभवावरून आहेत. भंडारा-गोंदियाच्या बांधीत किंवा मेळघाटाच्या उतारावर ज्यांचं परस आहे, त्यांनी मातीचा तेवढा फरक धरून वाचावं.

काकू, दसऱ्याला मेथी-पालकासोबत वाटाणाही लावला. बी रात्रभर भिजवलं होतं. निम्मं उगवलंच नाही; उकरून पाहिलं तर कुजून लगदा झालेला. जे उगवलं ते वीतभर झालं, पिवळं पडलं आणि वाळलं. आमची जमीन भारी काळी आहे. आपल्याकडे वाटाणा होतच नाही का?
— एक गृहिणी, दारव्हा तालुका

होतो. पण थंडीतच होतो, आणि आपली थंडी लहान. वाटाण्याच्या रोपाला वाढायला १० ते १८ अंश मानवतात. बी उगवायला २०-२२ अंशांची माती चांगली. पारा ३० च्या वर जाऊन बसला की फूल गळतं, शेंग धरली तरी दाणे भरत नाहीत. आता आपल्याकडचा हिशेब मांडा. दसऱ्याच्या सुमाराला दुपारी ३३-३४ अंशांचं ऊन असतं. तिकडे फेब्रुवारी अर्धा झाला की पुन्हा चटके सुरू. मधले तीन-साडेतीन महिने काय ते वाटाण्याचे. मेथी-पालक दसऱ्याला चालतात म्हणून वाटाणाही चालेल, ही घाई आपल्या भागात बहुतेक घरी होते. ऑक्टोबरच्या तापलेल्या मातीत खोडमाशी आणि मर या दोघी वाट बघतच असतात. तुमची वीतभर झालेली रोपं त्यांनीच नेली असावीत. पुढच्या वेळी असं रोप उपटून खोड उभं चिरून पाहा. आत पोखरलेलं दिसलं तर खोडमाशी, नुसतं तपकिरी पडलेलं दिसलं तर मर.

मग पेरायचा कधी? तारीख सांगत नाही आणि दिवाळीही सांगत नाही, कारण दिवाळी एका वर्षी ऑक्टोबरात येते, एका वर्षी नोव्हेंबरात. माझी खूण अशी : पायाशी पडलेली गोधडी पहाटे झोपेतच अंगावर ओढली जायला लागली की वाफा तयार करायचा. बहुतेक वर्षी ही वेळ ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा ते नोव्हेंबरचा मध्य यांत कुठेतरी येते. सगळं बी एकदम लावू नका. अर्धं आधी, अर्धं १२-१५ दिवसांनी. नोव्हेंबर सरल्यावर मात्र नवीन पेरू नका. त्या वेलांना फुलं येतील तेव्हा ऊन आलेलं असेल.

बी कुजायचं कारण वेगळं. काळी माती पाणी धरून ठेवते, सोडत नाही. रात्रभर भिजून फुगलेलं बी अशा मातीत गेलं आणि वरून तुम्ही पुन्हा पाणी दिलं, की त्याला हवाच मिळत नाही. भिजवायचंच असेल तर चार-सहा तास पुरे. त्याहून चांगलं म्हणजे कोरडं बी वाफशावर पेरावं : दोन-तीन दिवस आधी वाफा ओलवायचा, माती मुठीत धरून दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारली की फुटावा, अशी झाली की पेरायचं. मग उगवून येईपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही. शेतात हरभरा पेरताना घरातली माणसं हेच करतात. परसात आलं की मात्र हातात झारी असते आणि राहवत नाही.

वाफा सपाट नको, वीतभर उंचीचा गादीवाफा करा. १० फूट बाय ४ फुटांच्या वाफ्यात एकेक फुटावर चार ओळी बसतात. ओळीत दोन-दोन इंचांवर एक दाणा, दीड इंच खोल. एवढ्याला ५०-६० ग्रॅम बी पुरतं. भरपूर कुजलेलं शेणखत, आणि सोयाबीनचं कुटार असेल तर रोपं बोटभर झाल्यावर ओळींच्या मधे अंथरा. त्याने भेगा पडत नाहीत. काळी माती भेगाळली की वाटाण्याची बारीक मुळं तुटतात. पाणी साधारण आठ-दहा दिवसांनी, मातीत बोट घालून पाहून. फुलं लागताना आणि शेंगा भरताना मात्र ताण पडू देऊ नका. न्हाणीचं पाणी चालेल, धुण्याचं नको. आपली काळी माती आधीच खारवटीकडे झुकलेली, त्यात सोडा-पावडरचं पाणी वाटाण्याला सोसत नाही.

आमच्याकडे धान निघाल्यावर बांधीत लाखोळी टाकतात. घरामागच्या तुकड्यात या वर्षी वाटाणा लावतो आहे. जिवाणूंचं पाकीट आणावं लागेल का? घरात सोयाबीनचं उरलेलं पाकीट आहे, ते चालेल का?
— एक शेतकरी, लाखनी तालुका

भाऊ, सोयाबीनचं पाकीट राहू द्या, ते वाटाण्याला काही कामाचं नाही. रायझोबियम म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र मिळवून देणारे हे जिवाणू, ते सगळे एकच नसतात. सोयाबीनच्या मुळावर बसणारा जिवाणू वेगळा, वाटाण्याचा वेगळा. पण वाटाण्याचा जो आहे तोच लाखोळी, मसूर यांच्याही मुळांवर गाठी करतो. तुमच्या तुकड्यात मागे लाखोळी झाली असेल, तर तो मातीत आधीच मुक्कामाला असायची शक्यता बरीच. या बाबतीत तुम्ही आम्हा कापूस-सोयाबीनवाल्यांपेक्षा पुढे आहात.

तरी पहिल्या वर्षी वाटाण्याचं पाकीट मिळालं तर लावा. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम हे प्रमाण, म्हणजे आपल्या १०० ग्रॅमला चमचाभर. गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करा, त्यात कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. दुकानातून आणलेलं बी गुलाबी-लाल असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, ते जिवाणूंना मारक ठरतं. अशा वेळी पाकीट बियाण्याला न लावता ओलसर शेणखतात मिसळून ओळीत टाकावं.

लागलं की नाही हे पाहायला महिन्याभराने एक रोप खोदून काढा. उपटू नका, गाठी मातीत तुटून राहतात. गाठ नखाने फोडली की आत गुलाबी दिसली पाहिजे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती फुकट बसून खाते आहे. आणि शेंगा संपल्या की वेल जमिनीलगत कापा, मुळं आत राहू द्या.

मावशी, किराणा दुकानातला पांढरा वाटाणा पेरला होता. वेल डोक्याएवढा गेला, शेंगाही आल्या, पण दाणे गोड नाहीत, लवकर निबर होतात. मी खत कमी दिलं का?
— बी.एस्सी.चा विद्यार्थी, अचलपूर तालुका

खताचा दोष नाही बाबू, जातच ती. उसळीचा पांढरा वाटाणा हा कडधान्याचा वाटाणा. दाणा गोल, गुळगुळीत, पिठाने भरलेला. भाजीचा वाटाणा वाळला की दाणा सुरकुततो, आणि बियाण्याच्या पाकिटात तू हीच सुरकुती बघायची. कारण तुझ्या अभ्यासक्रमातच आहे : मेंडेलने वाटाण्याचे जे सात गुण निवडून वेलांचे संकर केले आणि १८६६ साली निबंध छापला, त्यात गोल दाणा आणि सुरकुतलेला दाणा ही एक जोडी होती. सुरकुती का पडते हे मात्र १९९० मध्ये उलगडलं. पिष्टाचे फाटे तयार करणारं एक विकर त्या दाण्यात बिघडलेलं असतं. पीठ कमी तयार होतं, साखर जास्त उरते, साखरेमुळे दाणा पाणी जास्त ओढतो, आणि वाळताना ते पाणी गेलं की साल सैल पडून चुण्या येतात. म्हणजे त्या चुण्या हीच गोडीची पावती.

आपल्या लहान थंडीला अर्केल बरा. मूळचा इंग्लंडकडचा, पण आपल्या देशात चांगला रुळला आहे. वेल गुडघ्याएवढाच राहतो, साधारण दोन महिन्यांत पहिली तोडणी मिळते, शेंग विळ्यासारखी किंचित वाकडी. बोनव्हिल मला चवीला त्याहून आवडतो, पण त्याला तीनेक आठवडे जास्त लागतात, आणि आमच्याकडे ते तीन आठवडे नेमके उन्हात जातात. तुझी कुणी नातेवाईक मंडळी चिखलदऱ्याला असतील तर त्यांना बोनव्हिल लावायला सांग. तिथे उंची ११०० मीटरच्या आसपास आहे, थंडी रेंगाळते. भुरीचा (पानांवर येणाऱ्या पांढऱ्या भुकटीचा) त्रास दरवर्षी होत असेल तर बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचा अर्का अजित पाहावा. तो भुरी आणि तांबेरा दोन्ही सोसतो.

पांढरा वाटाणा फुकट गेला असं समजू नकोस. त्याचे कोवळे शेंडे खुडून हरभऱ्याच्या भाजीसारखी भाजी होते. लसूण सढळ हाताने घालायला सांग.

वेल हिरवागार, दाट, पण फुलंच नाहीत. संत्र्याच्या दोन झाडांमधल्या रिकाम्या जागेत लावला आहे. युरिया दोनदा दिला.
— एक वाचक, काटोल तालुका

प्रश्नातच उत्तर आहे. वाटाणा हवेतला नत्र स्वतः कमावतो. वरून युरिया दिला की तो कमावणं सोडतो आणि नुसता पाला वाढवतो. त्यात संत्र्याची सावली. वाटाण्याला दिवसाचं सहा तास तरी ऊन लागतं. पुढच्या वर्षी जागा बदला, युरिया बंद करा, पेरताना शेणखताबरोबर मूठभर सिंगल सुपर फॉस्फेट ओळीत टाका. या वर्षी काय? पाणी जरा ओढून धरा, कधी कधी त्याने फूल धरतं.

वेल चढवायला पऱ्हाटीच्या काड्या लावू का? घरी ढीग पडला आहे. बांबू विकत आणावे लागतील असं शेजारीण म्हणते.
— एक शेतकरी महिला, चिखली तालुका

बांबूला पैसे घालू नका. वाटाण्याचा वेल चवळीसारखा खांबाला वेटोळे घालत नाही. त्याच्या पानाच्या टोकाला बारीक तणावे असतात, तेच पकडतात, आणि त्यांच्या पकडीत जाड बांबू मावतच नाही. त्याला लागते बारीक, फाटे असलेली काडी.

पऱ्हाटी तशी अगदी मापाची असते. तरी मी सांगेन, लावू नका. मुळात तो ढीगच घराजवळ ठेवू नका. काड्यांना चिकटून राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्त बसते आणि पुढच्या हंगामात तिथूनच कपाशीत येते. परसातल्या चार शेंगांसाठी शेतातलं पांढरं सोनं धोक्यात घालायचं नसतं.

तुराट्या घ्या. गेल्या सालच्या, जळणासाठी रचलेल्या वाळक्या तुराट्या प्रत्येक घरी असतात. वर फाटे, खाली सरळ दांडा. दांडा वीतभर मातीत खोचायचा, दोन ओळींच्या तुराट्या एकमेकींकडे कलत्या ठेवायच्या, की वर फाट्यांत फाटे अडकून आपोआप उभ्या राहतात. हे रोप चार बोटं असतानाच करायचं. वेल एकदा जमिनीवर लोळला की मग उचलताना मोडतो, त्याचा दांडा आतून पोकळ असतो. अर्केलला आधार नसला तरी भागतं असं पाकिटावर लिहितात. भागतं खरं, पण खालच्या शेंगा काळ्या मातीला टेकून सडतात आणि उंदरांची सोय होते.

संक्रांतीनंतर पानांवर पांढरी भुकटी आली, शेंगांना भोकं पडली. दुकानदाराने दोन महागडी औषधं दिली. घरी खायची भाजी आहे, फवारू का?
— एक गृहिणी, उमरेड तालुका

दोन वेगळे रोग-किडी आहेत, एका बाटलीत बसवू नका.

पांढरी भुकटी म्हणजे भुरी. दिवसा कोरडं ऊन आणि रात्री गारवा असा जानेवारी-फेब्रुवारीचा मेळ तिला फार मानवतो. पाऊस नसला तरी ती वाढते, त्यामुळे "पाणी जास्त झालं" म्हणून पाणी तोडू नका. पहिला ठिपका खालच्या पानांवर दिसतो. तो दिसला त्याच आठवड्यात पाण्यात विरघळणारं गंधक, १० लिटरला २० ते २५ ग्रॅम, संध्याकाळच्या गारव्यात फवारा. कडक उन्हात गंधक फवारलं तर पानं करपतात. ताकाचं पाणी फवारणाऱ्या बायका मला माहीत आहेत. सुरुवातीला थोडा आळा बसतो, पण भुरी वेलभर पसरल्यावर ताक पिऊन टाकलेलं बरं. तेव्हा राहिलेल्या शेंगा तोडा आणि वेल काढून जाळा.

भोकं पाडणारी अळी तुमच्या ओळखीची आहे. हरभऱ्यावर तिला घाटेअळी म्हणता, तीच तुरीवर, तीच इथे. दहा-वीस फुटांच्या वाफ्यावर औषध कशाला? सकाळी चहा झाला की पाच मिनिटं वेल चाळा आणि अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाका. मधे एक-दोन आडव्या काठ्यांचे पक्षीथांबे रोवा. कोतवाल आणि साळुंक्या बाकीचं पाहतात. आषाढात निंबोळ्या वेचून ठेवल्या असतील तर लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम कुटून रात्रभर भिजवा, गाळा, फुलं लागताना एकदा फवारा. ढगाळ हवेत शेंड्यांवर मावा येतो, त्यालाही हाच अर्क चालतो. दुकानदाराची ती दोन औषधं परत करा. शेंग आज फवारली आणि उद्या तोडली, असं घरच्या भाजीला करू नये.

बाजारातल्यासारख्या टपोऱ्या होईपर्यंत शेंगा ठेवते, तर दाणे पिठूळ लागतात. तोडायच्या कधी? आणि बी घरचं धरता येईल का? बाजारात तर जबलपूरकडचा वाटाणा स्वस्त मिळतो, मग घरी लावून परवडतं का?
— महिला बचत गटाच्या सदस्या, दिग्रस तालुका

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. पैशाने परवडत नाही. १० बाय ४ च्या वाफ्यात सगळं जमून आलं तरी अडीच-तीन किलो शेंगा, आणि सोलल्यावर त्याच्या निम्म्याहून कमी दाणे. जानेवारीत गाडीवर वाटाण्याचे ढीग लागतात तेव्हा एवढ्याला किती पैसे पडतात ते तुम्हाला ठाऊक आहे. ज्यांना पैसे वाचवायचे आहेत त्यांनी त्या वाफ्यात वांगी आणि सांबार (कोथिंबीर) लावावा.

वाटाणा लावायचा तो गोडीसाठी, आणि ती गोडी गाडीवर मिळत नाही. शेंग वेलावरून सुटली त्या क्षणापासून दाण्यातली साखर पिठात बदलायला लागते, ऊब असेल तर आणखी झपाट्याने. गाडीवर येईपर्यंत तिचा एक-दोन दिवस प्रवास झालेला असतो. म्हणून घरची शेंग सकाळी दव असताना तोडा आणि त्याच दिवशी शिजवा. सोलेभात करायचा असेल तर फोडणी घातल्यावर मुलांना तोडायला पाठवलं तरी चालतं. मुलं निम्मे दाणे वाटेत खातात, ते धरून पाठवायचं.

टपोरेपणावर जाऊ नका, चकाकीवर जा. शेंग भरलेली, हिरवी आणि चकचकीत असली की तोडायची. चकाकी गेली, शेंगेवर जाळीसारख्या रेषा उमटल्या, की दाणा पिठूळ झाला. फूल उमलल्यापासून साधारण तीन आठवड्यांत शेंग तयार होते. खालच्या शेंगा आधी तयार होतात. दर दोन-तीन दिवसांनी तोडत राहिलात तर वर फुलं येत राहतात. जून शेंग वेलावर राहिली तर वेलाला वाटतं आपलं काम झालं. एका हाताने वेल धरा, दुसऱ्याने शेंग. ओढून तोडली की अर्धा वेल हातात येतो.

बी घरचं जरूर धरा. वाटाण्याचं फूल उमलायच्या आधीच आतल्या आत परागीभवन उरकतं, शेजारच्या वाणाशी भेसळ होत नाही. आधी पोटभर खायचं आणि शेवटच्या, भुरी लागलेल्या वेलावरच्या वाळक्या शेंगा बियाण्याला ठेवायच्या, असं मी घरोघरी पाहते. अशाने दरवर्षी बी उशिराचं आणि दुबळं होत जातं. पहिल्या बहरातच चांगले चार-पाच वेल निवडा, त्यांना रंगीत चिंधी बांधा आणि त्यांना कुणी हात लावायचा नाही असं घरात सांगा. शेंग वेलावर वाळून आत दाणे खुळखुळले की काढा, दाताखाली कटकन फुटेल इतकं वाळवा. राखेत घोळून बाटली गळ्यापर्यंत भरा, बूच घट्ट. आपल्या मे महिन्याच्या ४५ अंशांत सुरकुतलेलं बी लवकर म्हातारं होतं, म्हणून बाटली पत्र्याखाली ठेवू नका. पेरायच्या आधी सोयाबीनची करता तशी ओल्या गोणपाटात उगवण पाहा. २० दाण्यांतले १५-१६ उगवले तर उत्तम, १० च्या खाली आले तर नवीन आणा.

थोडक्यात

*लाल रंगाचं बी उरलं आहे, कोंबड्यांना घालू का?* (आर्णी) — नाही. शिजवून माणसांनीही खायचं नाही. ते विष लावलेलं बी आहे. पुढच्या वर्षीसाठी बाटलीत, पोरांच्या हाताबाहेर ठेवा.

*फ्रीज आहे पण वीज जाते-येते. दाणे वर्षभर कसे टिकवायचे?* (अहेरी) — फ्रीजवर भरवसा ठेवू नका. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं दाणे टाका, लगेच गार पाण्यात काढा, पुसून पातळ कापडाखाली कडक वाळवा. भिजवले की आमटीत, भातात चालतात. ताज्याची सर येत नाही.

*वानरांचं काय करू?* (देवळी) — माझ्याकडे उपाय असता तर हे सदर सोडून मी तोच विकत बसले असते. बुजगावणं दोन दिवस चालतं, जुन्या साड्या चार दिवस. आमच्याकडे वाटाण्याचा वाफा स्वयंपाकघराच्या दाराला लागून असतो आणि वर मासे पकडायची जुनी जाळी ताणलेली असते. लांबच्या वाफ्यांत कांदा-लसूण लावतो, तिकडे ती सहसा वळत नाहीत. कुत्रं असेल तर दिवसा सोडून ठेवा.